गाडाभर बरण्या

बळवंतराव इनामदारांपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. पण त्या दिवशी त्यांची धाकटी सून मथुरा पुढे झाली. तिच्या भावाला बरण्यांच्या कारखान्यासाठी माळावरची जागा हवी होती आणि इनामदार त्याला वाटेला लावत होते.

"हल्लीच्या बरण्या म्हणजे नुसता दिखावा!" इनामदार गरजले. "लोणचं मुरायच्या आत तडकतात. त्या फळीवरच्या दोन बघा, आमच्या आजोबांच्या वेळच्या. अजून टवकासुद्धा उडालेला नाही!"

"खरंच टणक आहेत," मथुरा म्हणाली. "आजोबांनी दोनच घेतल्या होत्या का, मामंजी?"

"दोन? इनामदार होते ते! चांगल्या गाडाभर आणल्या होत्या."

"मग बाकीच्या कुठे आहेत?"

इनामदारांच्या आधी आतून सासूबाईच बोलल्या, "फुटल्या की! या घरात आल्यापासून मी तुकडेच उचलतेय."

"मग मामंजी," मथुरा नम्रपणे म्हणाली, "दादाच्या गाडाभर बरण्यांतल्या दोन तरी तुमच्या नातवापर्यंत टिकतीलच. त्या दाखवून तोही म्हणेल, आमच्या आजोबांच्या वेळचा माल काही औरच!"

इनामदार आधी खाकरले, मग खो खो हसत सुटले आणि माळावरची जागा मोजायला त्यांनी लगेच माणूस धाडला.