साहेबांच्या सायकलीचं कुंकू

मोहोरला वाटलं होतं, जर्मनीहून शिकून आल्यावर गावाला समजवावं लागेल. गावाला सगळं समजत होतं. अडले होते ते गावच्या आरोग्य ट्रस्टचे अध्यक्ष सरनोबतसाहेब. घाटात घरोघर औषधं पोचवणाऱ्या आशाताईंसाठी माउंटन बाइक घ्यायच्या होत्या. पुढं पेडलपाशी एकच दातेरी चकती असली की चेन निसटत नाही, आणि चढाला मागच्या चाकाचे गियर पुरतात, असं मोहोरचं म्हणणं.

"एकच? दळिद्री लक्षण," साहेब म्हणाले. "माझ्या सायकलीला तीन आहेत. घाट चढायला लहान, उतरायला मोठी. तिन्ही लागतात."

मोहोर त्यांच्या सायकलीपाशी वाकली. "साहेब, दसऱ्याला तुम्ही तिन्हींच्या दात्यांना कुंकू लावलंत. महिना झाला, तरी पुसलंय फक्त मधलीचं. बाकीच्या दोघी नुसत्या मिरवायला येतात."

"म्हणजे घाट कधी चढलाच नाहीत?" सायकली बघायला आलेल्या एका आशाताईनं विचारलं.

साहेबांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोरनं एका चकतीच्याच सायकली मागवायचं ठरवलं, आणि मागणीपत्रावर पहिली सही साहेबांचीच घ्यायचं.