दारावरच्या द्वारकाबाई

मिरजेच्या बालनृत्य स्पर्धेत मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीवर द्वारकाबाई शेडबाळे पहाऱ्याला होत्या. आत पुरुषांना सक्त मनाई होती. तेवढ्यात प्रमुख पाहुणे भाऊसाहेब लवाजम्यासह आले.

"दार उघडा, पोरींना आशीर्वाद देतो."

"साहेब, नियम आहे."

"नियम परक्यांना! या सगळ्या मला लेकीसारख्याच."

द्वारकाबाई दारातून हलल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "मग बाप म्हणून सांगा. लेक आत कपडे बदलतेय आणि दारावरच्या बाईनं पाहुण्याला आत सोडलं, तर त्या बाईचं काय कराल?"

"तिथल्या तिथे कामावरून काढीन!" भाऊसाहेब गरजले, आणि लगेच ओशाळले.

आतून पोरींच्या हसण्यात घुंगरं खळखळली. भाऊसाहेबही हसत मागे वळले.