ओटीतली फांदी

फार फार वर्षांपूर्वी, ढग जिथे उंबऱ्यापर्यंत उतरतात अशा एका डोंगरावर येसू नावाची बाई राहत होती. एकदा तिची लेक धाप लागून निळी पडली. येसूनं रानातल्या धुकेरीच्या झुडपाचा पाला आणला, काढा पाजला आणि लेक वाचली. त्या दिवशी तिनं जिवतीपुढे वसा घेतला, "आई, ओंजळभर पाला खुडीन, तर एक फांदी रुजवीन."

नेम चालला. लेक दर पावसाळ्यात धापायची, काढ्यानं सावरायची.

मग राजाचा खोकलाही धुकेरीनंच गेला. राजानं दवंडी पिटवली, "धुकेरी आता राजाची. दुसरा कुणी लावील, तो हद्दपार!" शिपायांनी झुडपं उपटून खाली राजवाड्याच्या बागेत नेली. तिथे ऊन रणरणतं. माळी घागरी ओतत राहिला, मुळं कुजत राहिली.

येसूच्या घरामागे कपारीत एकच झुडूप उरलं. नवरा म्हणाला, "झाकून ठेव. आपल्या पोरीपुरतं पुरेल."

"एक झुडूप उपटायला एक शिपाईसुद्धा पुरतो, धनी."

श्रावणातल्या शुक्रवारी तिनं सात वाड्यांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. प्रत्येकीच्या ओटीत तांदूळ, नारळ आणि ओल्या शेवाळात गुंडाळलेली बोटभर फांदी. "दगडाच्या आडोशाला लावा गं. पाणी फार ओतू नका, धुकंच पाजेल तिला."

एक विधवा कोपऱ्यात मागे सरली होती. येसूनं तिचीही ओटी भरली.

"अगं बाई, हिची ओटी?" एक बाई कुजबुजली.

"धाप काय कुंकू बघून लागते?"

घाटातल्या चौकीवर शिपायानं बायकांना हटकलं, "मावशी, ओटीत काय?"

ती विधवाच पुढे झाली. "तुझ्या आईची ओटी भरलेली कधी पाहिली नाहीस होय रे? घाल हात, हिंमत असेल तर!"

शिपाई खाली बघत बाजूला झाला.

पुढच्या पावसाळ्यात धुकेरी दारोदार फुलली. राजा कडाडला, "उपटा सगळी!" शिपाई गेले तसे परतले. त्यांचा नाईक म्हणाला, "महाराज, सुरुवात कुठून करू? माझ्याच परसात दोन आहेत. बायकोनं लावलीत. पोर त्यावरच जगलंय माझं."

फांद्या कुणी वाटल्या हे कळताच राजानं येसूला दरबारात उभं केलं. "तू हुकूम मोडलास."

"मोडला. वसा नाही मोडला. करा मला हद्दपार. पण सात वाड्या कुठं पाठवाल?"

राजाला दवंडी मागे घ्यावी लागली. येसू घरी आली, तेव्हा लेक अंगणात ओरडून खेळत होती.

घरोघरी रुजलेल्या औषधावर कुणाचाही हुकूम चालत नाही.

तर बायांनो, तुमच्या परसात गुणाचं झाड असेल, तर येत्या शुक्रवारी त्याची एक फांदी शेजारणीच्या ओटीत घाला. आणि ओटी भरताना कुणालाच कोपऱ्यात उभं राहू देऊ नका.