वैद्यबुवांचे पथ्य

नदीकाठच्या एका गावात नीळकंठ नावाचे एक वैद्य राहत. त्यांच्या हाताला गुण होता, पण जीभ कडक होती. पुडी देताना ते प्रत्येकाला बजावत, "औषध माझे, पथ्य तुझे. एक दिवस चुकलास, तर सगळे पाण्यात."

त्यांच्याकडे एक कुत्रा होता. अंगावर कवड्यांसारखे ठिपके, म्हणून नाव कवड्या. तो पिल्लू असताना बाजारात कुणीतरी त्याला काठीने बडवले होते. बुवांनी त्याचा मोडका पाय बांधला आणि त्याला घरी आणले. पाय बरा झाला, काठीची धास्ती मात्र राहिली. वैद्याच्या दारी येणारी माणसे बहुतेक काठी टेकतच येत. काठी दिसली की कवड्या दात विचकून अंगावर धावे.

चारचौघांत शोभा नको म्हणून बुवा चटकन भाकरीचा तुकडा टाकत. कवड्या तेवढ्यापुरता गप्प होई. तुकडा संपला की पुन्हा सुरू. कधी बुवा चिडून त्याला धपाटा घालत, मग वाईट वाटून आणखी एक तुकडा टाकत.

एके सकाळी खंडेराव पाटील गुडघ्याचे तेल न्यायला आले. कवड्याने त्यांच्या धोतराचा सोगा फाडला. पाटील ओरडले असते तर बरे झाले असते, असे बुवांना वाटले. पण ते शांतपणे म्हणाले, "आज धोतर आहे, बुवा. उद्या एखाद्या म्हाताऱ्याची पोटरी असेल. जत्रेपर्यंत बघा. नाहीतर आमचे गडी याला घाटापलीकडे सोडून येतील."

घाटापलीकडे बिबट्यांचे रान होते. जत्रा सव्वा महिन्यावर आली होती.

बुवांनी घरातल्या सगळ्या पोथ्या काढल्या. कुत्रा चावल्यावर काय करावे, ते त्यांत होते. त्याने चावू नये म्हणून काय करावे, ते कुठेच नव्हते.

त्याच आठवड्यात म्हाकूबाई नावाची धनगरीण खोकल्याचे औषध न्यायला आली. तिच्या हातातली काठी पाहून कवड्या उसळला. बुवांनी तुकडा टाकला. तो पुन्हा भुंकला, बुवांनी पुन्हा टाकला. म्हाकूबाई फाटकाशीच थांबून पाहत राहिली.

"लई शाना हाय तुमचा कुत्रा," ती म्हणाली. "भुकलं की भाकर मिळती, एवढं बराबर शिकलाय."

"मी कधी शिकवले त्याला?"

"आत्ताच की. माज्यादेखत दोनदा."

बुवांना ते झोंबले. सगळ्या गावाला शहाणपण सांगणारे ते, आणि आता एक धनगरीण त्यांना शिकवत होती. पण घाटापलीकडचे रान आठवले आणि त्यांनी मान खाली घालून विचारले, "मग करू काय?"

म्हाकूबाईने सांगितले ते साधे होते. शिकेपर्यंत रोगी यायच्या वेळी कवड्याला परसात बांधायचे. रोज थोडा वेळ त्याला लांबून काठी दाखवायची. काठी दिसूनही तो गप्प असेल, तर लगेच भाकर. भुंकला, तर आपणच फार जवळ आलो असे समजून मागे सरायचे, आणि गप्प होईपर्यंत हात आवरायचा. मारायचे मुळीच नाही. मारले तर काठीचे भय खरे ठरते.

"आन् बुवा," जाताना ती म्हणाली, "मधी एक दिस चुकलासा, तर समदं पान्यात."

आपलेच वाक्य ऐकायला एवढे कडू लागत असेल, हे बुवांना ठाऊक नव्हते.

म्हाकूबाईची मेंढरे खतासाठी महिनाभर गावच्या शेतांत बसणार होती. ती रोज संध्याकाळी काठी घेऊन फाटकाबाहेर लांब चिंचेखाली उभी राही आणि बुवा अंगणात तुकडे घेऊन बसत. आठ दिवसांत काठी चिंचेपासून अंगणाजवळच्या विहिरीपर्यंत आली, तरी कवड्या गप्प राहू लागला. नवव्या दिवशी देवळातले पुजारी भलत्याच वेळी काठी टेकत आले. कवड्या भुंकला. बुवा शरमले, आणि हात आपोआप भाकरीच्या टोपलीत जाऊन तुकडा टाकून मोकळा झाला.

पुढचे तीन दिवस कवड्या दुप्पट भुंकला. बुवांचा धीर सुटला. ज्याचा स्वतःचा हात ऐकत नाही, तो कुत्र्याला काय शिकवणार? पथ्य मोडून वाटीभर दही खाल्ले म्हणून आपण कुंभाराच्या सुनेला रडवले होते, तेही त्यांना आठवले. चौथ्या दिवशी त्यांनी म्हाकूबाईला चूक सांगून टाकली.

ती हसली नाही. काठी उचलून पुन्हा चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाटील आले, काठी टेकत. कवड्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. घशात गुरगुर उठली. बुवांचा हात मात्र मांडीवरून हलला नाही. कवड्याने काठीकडे पाहिले, मग बुवांकडे पाहिले. गुरगुर विरली, आणि तो खाली बसला. तेव्हाच बुवांनी तुकडा टाकला.

पाटील पाहतच राहिले. "कोणते औषध दिलेत याला?"

"औषध नाही, पाटील. पथ्य," बुवा म्हणाले. "आणि तेही त्याचे नव्हते. माझे होते."

कवड्या गावातच राहिला. कुणी काठी उगारली तर तो अजूनही भुंकतो, म्हणून फाटकाशी काठ्या ठेवायला एक खुंटी ठोकली आहे. बुवा पथ्य अजूनही सांगतात. फक्त आता पुडी देताना म्हणतात, "एखादा दिवस चुकलात तर लपवू नका. उद्यापासून पुन्हा धरा."

तात्पर्य: दुसऱ्याची खोड मोडण्याआधी तिला खाऊपिऊ कोण घालतो ते पाहावे, आणि हात आपलाच निघाला, तर लाजून बसण्यापेक्षा नेम पुन्हा पहिल्यापासून धरावा.