बिनधुराचा दिवस

आज आमच्याकडे तुम्हाला चहा मिळाला नाही, याचा राग मानू नका. उंबरपाडीच्या चाळीस घरांत आज एकही चूल पेटलेली नाही. समोर काळकड्याच्या कपारीखाली सुपाएवढा काळा डाग दिसतो ना, ती आज सकाळीच येऊन टेकलेली आग्या मधमाशी, सगळा थवाच. पावसाळा सरताना ती दरवर्षी परतते. जो तिला पहिल्यांदा पाहतो तो ओरडत नाही. गुपचूप आपल्या चुलीवर तांब्याभर पाणी ओततो आणि शेजारच्या दारात जाऊन रिकामा तांब्या दाखवतो. मग दिवेलागणीपर्यंत गावात धूर नाही.

ही चाल धावजीपासून पडली, असे सांगतात.

धावजी मध काढणारा. अंबाडीच्या दोरावरून हा कडा उतरायचा म्हणे. तीन पोळ्यांतले एक राखायचे, हा बापाने घालून दिलेला नियम त्याने कधी मोडला नव्हता. पण एका उन्हाळ्यात त्याने आपला कवड्या बैल कड्याखाली सावलीला बांधला. काय बिनसले कोण जाणे, माशी उठली. बैलाला दावे तोडता आले नाही. तो जागच्या जागी मेला. तिथे त्याला बांधले होते धावजीनेच, पण स्वतःवर रागावणारा माणूस विरळा. वाळल्या गवताचे पेटते भारे दोराने सोडून त्याने एकवीसच्या एकवीस मोहोळे जाळली. गाव खाली उभे राहून शाबासकी देत होते. गळलेले मेण घरोघर वाटून घेतले. आमच्या पूर्वजांनीही घेतले, ते कशाला लपवायचे?

पुढच्या आश्विनात खुरासणी अशी फुलली की सगळा माळ पिवळाधमक. लोक खूश झाले. मळणीच्या वेळी दाणे तळहातावर चोळून फुंकर मारली, तर सगळे उडाले. नुसती फोलपटे. भोपळ्याला अंगठ्याएवढी फळे धरत आणि पिवळी पडून गळत. दुसऱ्या वर्षीही तेच. खुरासणीचे तेल हेच इथले तेल. दिव्यालाही, कालवणालाही, बाळाच्या अंगालाही. तिसऱ्या वर्षी घरटी मूठमूठ बियाणे उरले होते, तेही पेरून झाले. माशीवाचून फुलात दाणा धरत नाही, हे गावाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. धावजी वाटेत दिसला की चालू असलेले बोलणे थांबायचे.

त्या तिसऱ्या आश्विनात एका सकाळी झड लागली होती. हाडात शिरणारा गारठा. गावामागच्या उंबरावर माशीचा एक थवा येऊन लोंबकळला. पावसात तिला पुढे उडवेना. चिमा सुईण गावात सगळ्यांत जाणती. ती म्हणाली, "धुरानं गेलीया ती. पुन्यांदा धूर दिसला तर कड्यावर टेकायची न्हाय. चुली इझवा."

एकेक छप्पर थंड होत गेले. एकाच छपरातून धूर येत राहिला, तो धावजीच्या.

त्याची लेक ठमी बाळंतपणाला आली होती आणि दोन दिवसांपूर्वी सातव्या महिन्यातच मोकळी झाली होती. मुलगी एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती म्हणून तिची धुगधुगी टिकली होती.

धावजीने दाराबाहेर पाहिले. माणसे पावसात उभी होती आणि त्याच्या छपराकडे बघत होती. कुणी काही बोलले असते तर तो भांडला तरी असता. त्याने पाण्याची घागर उचलली, पण शेगडीपाशी येऊन थांबला.

ठमी म्हणाली, "बा, ही गेली तर?"

चिमा आत आली, तिने चोळीची गाठ सोडली आणि पोरीला उघडीच छातीशी धरून वरून लुगडे गुंडाळले.

"वत पानी," ती म्हणाली. "पर माझ्या म्हातारीच्या अंगात ऊब ती किती? घटकाभर पुरंल. फुडचं मला इचारू नगं."

पुढे कोण येणार? ज्या गावाचे दिवे त्याने विझवले, त्या गावाकडे ऊब मागायला त्याला तोंड नव्हते. तरी त्याने डोळे मिटून घागर ओतली. शेगडी चरचरली आणि शेवटचा धूर छपरातून निघून गेला.

घटका सरली. चिमाचे ओठ निळे पडले, पोरीचे रडणे केव्हाच थांबले होते. तेवढ्यात दारात अंधार झाला. गंगू उभी होती. तिच्या घरात दोन वर्षे दिवा लागला नव्हता आणि तेवढी वर्षे ती धावजीशी बोलली नव्हती. आजही बोलली नाही. भिंतीला पाठ लावून बसली आणि तिने हात पुढे केले. तिच्यामागे आणखी एक आली. मग रांगच लागली. पोर या छातीवरून त्या छातीवर जात राहिली आणि धावजी कोपऱ्यात तोंड झाकून रडत राहिला.

दुपार कलताना उघडीप झाली. उंबरावरची माशी उठली, छपरांवरून तीन वेळा फिरली. चौथ्या फेरीला ती वर चढली आणि काळकड्याच्या कपारीला जाऊन टेकली. त्याच वेळी घरात पोर रडली, असे म्हणतात. रडणे खणखणीत होते. त्या साली खुरासणी भरली.

आमची सगळ्यांची आडनावे वेगळी, पण त्या पोरीचे रक्त इथल्या निम्म्या घरांत आहे.

आजही बिनधुराच्या दिवशी गावातले तान्हे मूल मांडीवरून मांडीवर फिरते. वैर असलेल्या घरातही त्याला घ्यायला नाही म्हणता येत नाही, आणि पाहुण्यालाही यातून सुटका नाही. हात पुसा. ही माझी पणती, दोन महिन्यांची आहे. मान नीट धरा आणि जवळ घ्या, बाहेर गार आहे.