दुपारचं पाणी

सांगतो, पण एकदाच. मधे कुणी "मग काय झालं" म्हणून तोंड घातलं, तर उठून जाईन. जेवण झाल्यावर म्हाताऱ्या माणसाला जरा आडवं होऊ द्यावं, ते नाही. गोष्ट पाहिजे म्हणे. घ्या मग.

खूप खूप मागे, उन्हाळ्यात दगडसुद्धा तडकावेत अशा एका गावात सासू-सून राहत होत्या. सासूकडे कुंडीत एक मोगरा होता. लग्नात माहेराहून आणलेली काडी तिने लावून वाढवली होती. त्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, घरही पडलं होतं. उरला होता तो हा मोगरा.

ऐन वैशाखात लेकीच्या बाळंतपणाला सासूला जावं लागलं. निघताना ती सुनेला म्हणाली, "पोरी, कुंडी मागच्या दारी बांबूच्या तट्ट्याच्या सावलीतच राहू दे. सकाळी ऊन चढायच्या आत मातीत बोट घालून बघ. कोरडी लागली तरच पाणी घाल. दुपारी तो मान टाकेल, घाबरू नकोस. दिवेलागणीला आपला आपण सावरतो."

"आत्याबाई, जिवापाड जपेन," सून म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

थोडे दिवस नीट चाललं. मग एका दुपारी शेजारीण विस्तव मागायला मागच्या दारी आली. मान टाकलेला मोगरा तिच्या नजरेस पडला.

"अगं बया! सासूची पाठ फिरली नाही तोच झाड वाळवलंस? तरीच मागे लपवून ठेवलंयस!"

"वाळलं नाही हो मावशी. संध्याकाळी येऊन बघा..."

"संध्याकाळी काय तुझ्या दारात आरती करायला येऊ?" असं म्हणून ती गेली, आणि गावभर बोलली.

ते फिरून सुनेच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी तिने कुंडी उचलून पुढच्या ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. भर दुपारी बायका डोक्यावर भाकरीच्या पाट्या घेऊन शेताकडे जायच्या. नेमकी तेव्हाच ती कळशी घेऊन बाहेर यायची आणि कुंडी तुडुंब भरायची. बायका म्हणायच्या, "किती जीव लावते बघा!" ते ऐकून तिला बरं वाटायचं.

मोगऱ्याला मात्र बरं वाटत नव्हतं. वरून ऊन, खालून तापलेला ओटा, आत पाण्याचा काढा. तो संध्याकाळीही मान वर करेनासा झाला. सुनेला दिसत होतं ते. एका सकाळी तिने मातीत बोट घातलं, तर सगळा चिखल. आज पाणी नाही, असं तिने ठरवलं. पण दुपार झाली, वाटेवर पाट्या दिसू लागल्या, आणि हात पुन्हा कळशीकडे गेला.

सासू परतली तेव्हा कुंडीत नुसत्या काळ्या काड्या उभ्या होत्या. बायका गोळा झाल्या. तीच शेजारीण पुढे होऊन म्हणाली, "वहिनी, सुनेला बोल लावू नका हो. रोज पाणी घालायची बिचारी. आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितलंय."

सुनेला चटका बसल्यासारखं झालं. खाली बघत ती म्हणाली, "तुम्ही बघावं म्हणूनच घालत होते."

सासूने झाड अलगद उपटलं. मुळं कुजून हाताला चिकटली.

"मी तुला झाड सांभाळायला दिलं होतं, पोरी," ती म्हणाली. "तू तुझं नाव सांभाळलंस."

गावाचं काय गेलं? कप्पाळ! बायका उठून घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या दारात डोकावल्या. सासूचं माहेर मात्र त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा गेलं.

तात्पर्य: ज्याला जपायचं त्याच्या तहानेकडे बघावं, वाटेवरच्या तोंडांकडे नव्हे.

झाली गोष्ट, निघा आता. आणि भर दुपारी मान टाकलेला माझा गुलाब कुंपणावरून बघून जो मला गावभर ऐतखाऊ म्हणत फिरला, त्याने अजून माफी मागितलेली नाही. नाव त्याचं धोंडीराम.