पहिली हौसा

फार फार वर्षांमागची गोष्ट आहे. डोंगरात राहणाऱ्या राही नावाच्या एका आईला वाटलं होतं, की लेकीनं एकदा डोळे उघडले की संकट टळलं. पोर उठेल, भूक लागली म्हणून घर डोक्यावर घेईल, आणि वर आईलाच म्हणेल, "एवढं रडायला काय झालं होतं गं तुला?"

बाराव्या दिवशी लेकीनं डोळे उघडले. आईकडे पाहिलं. आणि दारात आलेल्या अनोळखी पाहुणीकडे पाहावं तशी ती पाहतच राहिली.

लेकीचं नाव हौसा. वय पंधरा. त्या डोंगरांमध्ये दऱ्या खोल होत्या आणि पूल एकही नव्हता. एका गावचा निरोप पलीकडच्या गावाला कळवायचा, तर कड्यावर उभं राहून हाळी द्यावी लागे. कुणाकडे बाळ जन्मलं, कुठे वाघ दिसला, कुठे वणवा पेटला, सगळं त्या हाळीतून कळायचं. राहीनं वीस वर्षं हाळी दिली, आणि आपला आवाज थकला तेव्हा लेकीला कड्यावर उभं केलं. हौसाचा आवाज दरी ओलांडून पलीकडच्या गुरांना माना वर करायला लावी. जीभही तशीच, धारदार. गावचे नाईक म्हणायचे, "ह्या पोरीशी बोलायचं म्हणजे जेवून यावं लागतं."

एक दिवस कड्यावरच्या शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सटकला. डोकं खालच्या खडकावर आपटलं. पुढचे बारा दिवस कसे गेले ते राही कुणाला सांगू शकली नसती.

हौसाचा बाप ती रांगत असतानाच गेला होता. घरात दोघीच. वैद्यबुवा आले, जखम पाहिली, नाडी पाहिली. म्हणाले, "वरची जखम भरली. आतलं भरायला वेळ लागतो."

"पण पहिल्यासारखी होईल ना, बुवा?"

वैद्यबुवा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली झोळी आवरली. आणि राहीनं, कुठलीही आई करेल तेच केलं. त्या गप्प बसण्याचा अर्थ तिनं 'हो' असा घेतला.

मग राहीनं कंबर कसली. रोज सकाळी ती चटईवर वस्तू मांडायची. पळी, लोटा, दोरी, सुपारी. एकेक उचलायची आणि विचारायची, "हे काय?"

हौसा बघायची. ओठ हलायचे. कपाळावर घाम यायचा. "ते... डाळीचं."

"डाळीचं काय? पळी! म्हण पळी. आणि ही?"

"बां... बांधायचं."

"दोरी गं, दोरी! आधी तर एका दमात शंभर नावं घ्यायचीस तू."

शब्द अर्धा बाहेर यायच्या आत राही तो पुरा करायची. हौसाचा डावा पाय ओढत चालायचा, तर राही पुढे होऊन तिला ओढत न्यायची. आणि दिवसातून वीसदा तिच्या तोंडी एकच शब्द यायचा: पहिल्यासारखी. पहिल्यासारखी हस. पहिल्यासारखी चाल. शेजारणीही दारातून डोकावून तेच म्हणत, "होईल हो, होईल पहिल्यासारखी."

दोन महिने गेले. हौसा थोडं चालू लागली, थोडं बोलू लागली. पण दुपारपर्यंतच थकून भिंतीला टेकायची. कधी कुणी मोठ्यानं हसलं तरी कानांवर हात दाबून किंचाळायची. शेजारच्या कोंडाईनं एकदा अंगणात सूप आपटलं, तर हौसानं तिच्या पाण्याच्या रांजणाला लाथ घातली.

"रांजण फुटला माझा!" कोंडाई भांडायला आली. "देवानं जीव ठेवला, पण ताळतंत्र ठेवलं नाही तुझ्या लेकीत."

"बरी होतेय ती, मावशी."

"बरी होतेय की बिघडतेय, ते बघ नीट."

राहीनं तेव्हा दार लावून घेतलं. पण ते वाक्य घरात शिरलं ते शिरलंच.

अशातच एका दुपारी नाईक आले. ओसरीवर टेकले. हौसा आत उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. हे एक काम ती तासन्‌तास, एक खडा न सोडता करायची. पहिली हौसा तांदळाला हात लावायची नाही. लेकीचं हे कसब राहीनं कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती दुसरंच काही शोधत होती.

"राही," नाईक म्हणाले, "पलीकडचं गाव इतके दिवस हाळी देतंय आणि आपण मुके. ते विचारतायत, गाव जागेवर आहे की उठलं? कड्यावर कुणीतरी पाहिजे. कोंडाईच्या नातीला उभं करावं म्हणतो."

राहीच्या मनात आलं: ती जागा गेली, की गावानंच सांगून टाकलं म्हणायचं, हौसा संपली.

"थोडं थांबा, नाईक," ती म्हणाली. "माझी हौसा परत येणार आहे. मी तिचीच वाट बघतेय. एकदा ती आली ना, की तुमच्या कानठळ्या बसवते की नाही बघा!"

नाईक मान हलवून गेले. उंबऱ्याजवळ तांदूळ निवडणारा हात थांबला होता.

संध्याकाळी राही तिची वेणी घालत होती. हौसानं विचारलं, "ती... कुठे आहे?"

"कोण गं?"

"हौसा."

"अगं, तूच हौसा!"

"नाही. ती. जी... येणार."

राहीला वाटलं, पोर स्वतःचं नावही विसरली. दुसऱ्या दिवशी तिनं चटईवर चारच्या जागी बारा वस्तू मांडल्या. हौसाचे डोळे मिटत होते, तरी राही थांबेना.

"हे काय? बोल. काल आलं होतं तुला. बोल ना!"

हौसानं पळी उचलली आणि भिंतीवर फेकून मारली.

"माझी हौसा अशी नव्हती!" राही ओरडली.

मग राही घागर उचलून झऱ्यावर निघून गेली. पाण्याला तर जायचं नव्हतंच तिला. तिला फक्त लेकीसमोर रडायचं नव्हतं.

ती परतली तेव्हा घर रिकामं होतं.

दुपार कलली होती आणि दरीतून धुकं वर चढत होतं. राहीनं परसात पाहिलं, गोठ्यात पाहिलं. कोंडाईनं एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि रांजणाचं भांडण विसरून ती नाईकांकडे धावत सुटली. घटकाभरात सारं गाव रानात शिरलं. जो तो ओरडत होता, "हौसाऽ! हौसाऽऽ!" धुक्यात आवाज कड्यांवर आपटून चहूबाजूंनी परत येत होते. एका नावाची दहा नावं होत होती.

वाटेवर राहीला हौसाची घोंगडी सापडली. ती वाट एकाच ठिकाणी जात होती. हाळीच्या कड्यावर.

ती धावली. कड्याजवळ पोचली तर हातभर पुढचंही दिसेना. मागून नाईक आले, माणसं आली. सगळ्यांनी पुन्हा एकदम हाळी दिली, आणि राहीनं ऐकलं: धुक्यात कुठेतरी खडे घरंगळले. पुन्हा हाळी. पुन्हा खडे, दुसऱ्या बाजूला. पोर प्रत्येक आवाजाकडे वळत होती, प्रत्येक प्रतिध्वनीकडे पाऊल टाकत होती. आणि तिथे एका बाजूला नुसती दरी होती.

"गप्प बसा!" राही म्हणाली. "सगळे गप्प बसा!"

"अगं, गप्प बसून हरवलेलं माणूस सापडतं होय?" नाईक चिडले.

"वीस वर्षं हाळी दिलीय मी, नाईक. एकदा हाळी द्यायची आणि उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आपण आपल्याच आवाजानं भुलवतोय तिला."

माणसं गप्प झाली. राहीनं आवाज लावला नाही. शेजारच्या खोलीतून हाक मारावी तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "हौसा."

आणि ती थांबली.

वाचणाऱ्यांनो, थांबणं म्हणजे काय ते त्या दिवशी त्या कड्यावर कळलं असतं तुम्हाला. एक श्वास गेला. पाच गेले. दहा गेले. कोंडाईनं तोंडात पदर कोंबला. राहीच्या ओठांवर शंभर वाक्यं येत होती: मागे फिर, हलू नकोस, बोल, काहीतरी बोल. तिनं एकही बाहेर पडू दिलं नाही. दोन महिन्यांत प्रथमच तिनं लेकीचा शब्द पुरा केला नाही.

"आ... ई."

"ऐकतेय मी. कुठे आहेस?"

पुन्हा शांतता. लांबच लांब.

"दगड... ओला. पुढे... काही नाही."

मागे कुणीतरी हुंदका दिला. पुढे काही नाही, म्हणजे ती थेट काठावर होती.

"आहेस तिथेच खाली बस," राही म्हणाली, आणि पुन्हा थांबली.

"बसले."

राही हातांवर आणि गुडघ्यांवर आली. ओला दगड चाचपत पुढे सरकू लागली. पण कुठल्या दिशेला जायचं ते लेकीच्या आवाजावरूनच कळणार होतं. तिला बोलतं ठेवायला हवं होतं. काय विचारावं? रोज सकाळी राही जे विचारायची, त्याची उत्तरं तिला आधीच ठाऊक असायची. आज प्रथमच ती असं काही विचारणार होती, जे लेकीला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

"तुला काय दिसतंय, बाळा?"

"पांढरं... सगळं. साय... तशी." मग बराच वेळ गेला. "आता बरं आहे. आवाज... नाही."

"आवाजानं त्रास होतो तुला?"

"डोक्यात... दगड पडतात."

राहीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोन महिने ती ह्याच पोरीच्या कानाशी ओरडत होती. तिनं एक हात पुढे टाकला, मग दुसरा.

"कड्यावर कशाला आलीस गं?"

ह्या वेळी उत्तर इतक्या वेळानं आलं, की राहीला वाटलं आवाज हरवला.

"तिला... शोधायला. तुझ्या हौसाला. इथे पडली ना... म्हटलं, इथेच असेल." मग एक खोल श्वास. "आई... ती नाहीये. मी सगळीकडे... बघितलं. तू... रागावू नकोस."

त्याच वेळी राहीच्या बोटांना एक थंडगार पाऊल लागलं. तिनं घोटा घट्ट धरला, मग गुडघा, मग सगळी पोर ओढून छातीशी घेतली. दोघी तशाच मागे सरकत आल्या. गावानं दोन्ही बाजूंना होऊन वाट दिली. कुणी ओरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीनं चटई अंथरली नाही. ती चुलीजवळ बसलेल्या हौसाजवळ जाऊन बसली.

"ऐक, हौसा," ती हळू म्हणाली. "ती जी होती, ती त्या कड्यावरून पडली. मला ती फार आवडायची, आणि तिच्यासाठी मी रडणार आहे. तू रडू दे मला. पण तिला शोधायला तू जायचं नाहीस, आणि मीही आता जाणार नाही. ह्या घरात माझी लेक आहे. तिचे शब्द आपण रोज शोधू, तिचा पाय रोज चालवू, पण ती दमली की थांबू. आणि तिच्याबद्दल मला फारसं माहीत नाही, तेव्हा तिनंच मला सांगायचं."

हौसा आईकडे पाहत राहिली. उत्तर यायला वेळ लागला. राहीनं तो लागू दिला.

"मला... तांदूळ निवडायला... आवडतं," हौसा म्हणाली. "खडा... सापडतो."

मग राही नाईकांच्या अंगणात गेली. कोंडाईही तिथेच होती.

"कड्यावरची जागा कोंडाईच्या नातीला द्या," राही म्हणाली. "हाळी द्यायला तिला मीच शिकवेन. आणि आजपासून माझ्या दारात कुणी 'पहिल्यासारखी' हा शब्द आणायचा नाही. माझ्या लेकीशी बोलायचं असेल, तर हळू बोला आणि मग थांबा."

"किती थांबायचं?" नाईकांनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तिचं बोलून होईपर्यंत."

त्या दिवसापासून गावाला थांबायची सवय लागली, आणि हौसाचे शब्द, काही उशिरा, काही वेगळ्याच रूपात, एकेक करून येत राहिले.

लहानांनो आणि मोठ्यांनो, ह्या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: परत आलेल्या माणसाला भेटायचं असेल, तर गेलेल्या माणसाची वाट पाहणं सोडावं लागतं.